पडलेल्यांची नावं

मुरुडच्या स्टँडवर एस.टी.त चढत होतो. हातात पिशवी, काखेत छत्री, एक गुडघा दुखरा. पायरीवर पाय ठेवला, दांडी धरली, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं,

"बा, येतो रं वर! धर मला!"

अख्खी गाडी हसली.

मला वाटलं, यांचं आपसातलं काहीतरी चाललंय. दुसरा पाय उचलला. तेवढ्यात दुसरा आवाज आला. "दगडूकाका, तुमी पन धरा हो! म्हातारं पडंल!"

तिथं माझा पाय थांबला. दगडूकाका माझा चुलता. मी लहान होतो तेव्हाच गेला. त्याचं नाव या पोरांना कुठून कळलं? यांच्या बापांनासुद्धा ते माहीत असायचं कारण नाही.

कंडक्टर भला माणूस, नेहमीच्या ओळखीचा. तोही गालात हसत म्हणाला, "या आजोबा, या वर. सगळ्यांनी धरलंय तुम्हाला."

परत हशा.

बसलो. पुढच्या बाकावरची बाई मोबाईलकडे बघे, मग वळून माझ्याकडे बघे. चौकीत चोराचा फोटो आणि समोरचा माणूस ताडून बघतात ना, तसं. जुळलं असावं. तिनं शेजारणीला कोपर मारलं.

मी माझ्या गावाच्या आधीच उतरलो. समुद्राच्या कडेकडेनं चालत घरी गेलो. ऊन मी म्हणत होतं, पण त्या गाडीपेक्षा ऊन बरं. सगळे आपल्यावर हसतात आणि आपल्यालाच कारण माहीत नसतं. भर बाजारात धोतर सुटावं आणि ते आपल्याला सोडून सगळ्यांना दिसावं, तसं.

मी पाडेली. म्हणजे माडावर चढून नारळ काढणारा. माझा बा पाडेली, चुलता पाडेली. चौथीपर्यंत शाळेत गेलो, मग कमरेला कोयता लागला. अजून उतरला नाही. हे लिहितोय ते मीच लिहितोय. नात फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघते.

घरी आलो तर बायको अंगणात सुकट निवडत बसलेली. नात सुमी ओट्यावर. ती अलिबागला कॉलेजात जाते, सुट्टीत आली होती. मी तिला सरळ विचारलं, "माझं काय आलंय मोबाईलात?"

तिनं आजीकडे बघितलं. आजीनं सुकटीत मान घातली. म्हणजे दोघींना माहीत होतं.

"काय नाय आबा. असंच."

"असंच न्हाय. दगडूकाकाचं नाव एस.टी.त निघालं. दाव."

तिनं दाखवलं.

मी माडाच्या बुंध्याशी उभा. उघडा, कमरेला पंचा, पायात काथ्याची दोरी. एक तळहात माडाला लावलेला. तोंडानं बोलतोय, "बा, येतो रं वर. धर मला. दगडूकाका, येतो रं वर. धर मला." मग वाडीत राहायला आलेल्या कोणा पाहुण्याचा आवाज, "काका उखाणा घेतायत का? बायकोचं नाव कधी येणार?" बायका-पुरुष फिदीफिदी हसतायत. पुढं तर कहरच. त्या मोबाईलनं माझंच "धर मला, धर मला" पुन्हा पुन्हा वाजवलं, खाली वरातीचा बँड लावला, आणि मी वर चढतोय, खाली येतोय, वर चढतोय, खाली येतोय. माकडाचा खेळ. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं: माडाला बाप म्हणणारा म्हातारा.

तेवढं मी माझं मीच वाचलं. चौथीचा हा उपयोग झाला.

बायको म्हणाली, "हसतात तर हसू दे. त्यांचंच दात दिसतात." पण तिचा हात सुकटीत तसाच होता. निवडत नव्हता.

आता सांगतो ते काय होतं. जे हसले त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

माडाला कोणी बाप म्हणत नाही. आम्ही येडे नाही. आमच्यात रीत आहे. घरातला जो माणूस माडावरून पडून गेला, त्याचं नाव घेतल्याशिवाय घरातल्या कोणी चढायचं नाही. देवाचं नाव नाही घ्यायचं, पडलेल्याचं घ्यायचं. बाप असेल तर नुसतं बा म्हणायचं, तेच त्याचं नाव. कुठं हात सुटतो ते देवाला काय ठाऊक? त्याला ठाऊक. म्हणून त्याला सांगायचं, मी येतोय, धर.

माझा बा राघो. तात्यांच्या वाडीत पडला. तात्या म्हणजे आमच्या गावचे वाडीवाले. माड-पोफळीची वाडी थेट समुद्राच्या पुळणीला भिडलेली, घरात शिकलेसवरलेले लोक, मुंबईपर्यंत नोकऱ्या. आमची आळी खाऱ्या पाण्याच्या खाजणाच्या कडेला. त्यांच्याकडे आम्हाला चहा करवंटीत मिळायचा. करवंटी गोठ्याच्या वळचणीला खोचलेली असायची. ती आपण काढायची, प्यायची, धुवायची, परत खोचायची. घरात कपबशा नव्हत्या असं नाही.

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. बा शेंड्यात होता. मी खाली नारळ गोळा करत होतो. पोरच होतो. नारळाची पेंड, म्हणजे अख्खा घड, पडते तेव्हा धप्प असा आवाज होतो. मी त्या आवाजाला सरावलेलो. वर बघितलंच नाही. धप्प झालं, मी वळलो, तर तो बा होता.

मी ओरडलो असेन. तात्या घरातून बाहेर आले. पायरीवरच थांबले. खाली पडलेल्या बाला बघितलं, आभाळाकडं बघितलं. म्हणाले,

"रडायचं नंतर. आधी नारळ उचला, पावसाच्या आत."

हेच शब्द. एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

मी उचलले. एक नारळ बाच्या हाताशी घरंगळत गेला होता. तोही उचलला. संध्याकाळी मला चहा दिला. करवंटीतच.

बाचा फोटो नाही. कोणी काढलाच नाही. कुठल्या दगडावर, कुठल्या पाटीवर त्याचं नाव नाही. होतं ते माझ्या तोंडात. माडाखाली, हळू आवाजात. आणि आता ते बँडवर वाजत होतं.

कोणी म्हणेल, म्हातारा मोबाईलच्या नावानं बोटं मोडतोय. नाही मोडत. खोटं कशाला बोलू? माझा मुलगा जहाजावर खलाशी आहे. पहिल्यांदा गेला तेव्हा महिनोन्‌महिने त्याचा पत्ता नसायचा. त्याची आई दिसेल त्या बोटीकडे बघत बसायची. आता ती तव्यातली बोंबील त्याला मोबाईलात दाखवते आणि तो तिकडं समुद्रात तोंडाला पाणी सोडतो. शाळा बंद होत्या तेव्हा सुमी खाजणाच्या बांधावर बसून शिकली. तिथंच रेंज यायची. उन्हात मी तिच्यावर छत्री धरायचो. आणि ते मोठं वादळ आलं, तेव्हा मोबाईलवर आधी कळलं म्हणून आम्ही सगळे शाळेत जाऊन बसलो. आळीचे पत्रे उडाले, माणसं राहिली. हे मी विसरत नाही. हे ज्या नेटनं केलं, त्याच नेटनं माझ्या बाचा तमाशा केला. परक्यानं मारलं तर माणूस हात उगारतो. घरच्यानं मारलं तर कुठं बघायचं ते कळत नाही.

दोन दिवसांनी मुलाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "बाबा, ते नावं घेणं मनातल्या मनात करता नाय का येत?"

"का?"

"इथं पोरं वाजवतात. मला बघितलं का धर मला, धर मला करतात."

"तुझ्या आज्याचं नाव हाय ते."

"मला माहीत हाय, बाबा. त्यांना कुठं माहीत हाय?"

त्याचा राग आला. फोन बायकोच्या हातात दिला आणि बाहेर गेलो. पण ते वाक्य मागोमाग आलं. त्यांना कुठं माहीत हाय?

मग मी तात्यांच्या वाडीत गेलो. मोबाईलातला माड तिथलाच. तात्या कधीच गेले. आता त्यांचा मुलगा निखिल बघतो. पुण्याची नोकरी सोडून आला आणि वाडीत पाहुण्यांना राहायच्या खोल्या काढल्या. लहान होता तेव्हा मला "ए, शहाळं काढ" म्हणायचा. आता काका म्हणतो. पाहुण्यांसमोर तर जरा जास्तच.

"काका! अहो, स्टार झालात तुम्ही! बसा, बसा ना."

खुर्ची दिली. त्या अंगणात मी जन्मात पहिल्यांदा खुर्चीवर बसलो. समोर पाहुणे सोलकढी पीत होते. कशात? करवंटीत. घासून, गुळगुळीत करून, तेल लावून चकचकीत केलेली करवंटी. एक मुलगी ती तोंडाशी धरून फोटो काढून घेत होती. आम्ही पीत होतो तेव्हा कोणी फोटो काढला नाही.

मी म्हणालो, "भाऊ, ते मोबाईलातलं काढा."

"अहो, एका पाहुण्यानं घेतलं, मी आपल्या वाडीच्या पेजवर टाकलं. तिथून कुठं कुठं गेलं. आता काढून काय होणार? नेटवर एकदा गेलं की परत येत नाही, काका."

"तुमच्यापुरतं काढा."

"पण का? लोक विचारत येतात, ते आजोबा इथेच असतात का म्हणून. मी तर म्हणतो, आपण नीट करूया. दर शनिवारी, चहाच्या वेळेला. तुम्हाला झकास फेटा बांधू. नावं जरा मोठ्यानं घ्यायची. आणि दोनच आहेत ना? लगेच संपतं. चार-पाच वाढवा की. कोणाला कळतंय?"

मी त्याच्याकडे बघत राहिलो. गोरा, चांगला चेहरा. डोळ्यांत लबाडी नव्हती. त्याला खरंच वाटत होतं की तो माझं भलं करतोय.

म्हणालो, "वाढवू कुठनं? त्याला मानसं पडावी लागतात."

तो खो खो हसला. माझ्या खांद्यावर थाप मारली. "भारी! हे पण म्हणा तेव्हा!"

एस.टी.तलं हसणं सोसलं होतं. मुलाचं बोलणं सोसलं होतं. हे नाही सोसलं. माझ्या तोंडातून रडणं निघालं असतं तरी यानं ते कार्यक्रमात घातलं असतं. याचा बाप पायरीवरून म्हणाला होता, रडायचं नंतर. मुलगा म्हणत होता, रडा, पण शनिवारी.

मी उठलो, आलो.

मग चार दिवस मला बूड टेकवत नव्हतं. ओट्यावर बसलो की अंगणात, अंगणात गेलो की बांधावर. कोयत्याला धार लावली, परत लावली. बायको म्हणाली, "तुमच्या खाली मुंग्या सुटल्यात का?" सुमी म्हणाली, "आबा, तक्रार करता येते. काढून टाकतील कदाचित. करू?"

"कर."

ती करायला लागली आणि मी तिचा हात धरला. "थांब." काढलं तर बाचं नाव गेलं. आख्ख्या जगात तेवढ्या एका जागी ते वाजतंय. ठेवलं तर बा हशाचा धनी. कर म्हणू का थांब म्हणू? परत म्हणालो, कर. परत म्हणालो, थांब. पोर वैतागली. "आबा, एक काय ते सांगा!"

एक काय ते शनिवारी सापडलं.

निखिलनं माझ्या होकाराची वाटच बघितली नव्हती. पाहुण्यांना सांगून टाकलेलं. निरोप आला, या लवकर. मी पंचा नेसलो, कोयता खोचला. बायको दारात उभी.

"नाचायला चाललाव?"

"चल बघायला."

"मला कामं न्हायत का?" म्हणाली आणि आत गेली. सुमी आली. मी तिला म्हणालो, "मोबाईल घे. आज आपला."

माड तोच. आता त्याच्याखाली खुर्च्या मांडलेल्या. निखिल टाळी वाजवून म्हणाला, "तर मंडळी, आता आपले काका माडाशी बोलणार!" एकानं ताटातून फेटा आणला. मी घेतला नाही. माडाला तळहात लावला. सगळ्यांचे मोबाईल वर झाले. पोफळी वाऱ्यानं वाकतात तसे सगळे एका अंगाला.

"बा, येतो रं वर. धर मला. दगडूकाका, येतो रं वर. धर मला."

हसायला सुरुवात झाली. मी चढलो नाही. माडाला पाठ लावली आणि तोंड त्यांच्याकडे केलं.

"हसलात ते बरं झालं. आता आयका. माडाला मी बाप म्हनत न्हाय. माझ्या बापाला बाप म्हनतो. राघो त्याचं नाव. ह्या माडावरनं पडला. जिथं ह्या बाई बसल्यात, तिथं."

ती बाई उठली.

"तो पडला तवा ह्याच घराच्या पायरीवरनं हुकूम आला, रडायचं नंतर, आधी नारळ उचला. मी उचलले. आन तुमच्या हातात जी करवंटी हाय ना, तसल्या करवंटीत मला चा दिला. आत कपबशा होत्या."

कोणीतरी टाळी वाजवली. त्याला वाटलं, हाच कार्यक्रम. शेजारच्यानं त्याचा हात धरला.

निखिल जवळ आला. कानाशी म्हणाला, "काका, पुरे. चढा आता."

"न्हाय चढनार."

"मग नारळ कोण काढणार?"

"ज्याचे हायत तो."

पायातली दोरी सोडली, गुंडाळली, खांद्यावर टाकली. कोयता बाचा. तो त्या वाडीत ठेवून यायचा नव्हता. सुमी पुढं, मी मागं, निघालो.

सुमीनं ते नेटवर टाकलं. माझं मी टाकायला सांगितलं.

दोन दिवसांनी निखिल आमच्या आळीत आला. त्याच्या घरातलं माणूस आमच्या दारात मी कधी बघितलं नव्हतं. उभ्यानंच बोलला. "काका, पोरीला ते काढायला सांगा. तात्यांची बदनामी होतेय. बुकिंग रद्द व्हायला लागलंय."

"एकदा गेलं का परत येत न्हाय, भाऊ. तुमीच म्हनालात."

बायकोनं चहा आणला. कपात. बशीसकट. दोन्ही हातांनी पुढं केला. आमच्याकडे माणसाला करवंटीत देत नाहीत. त्यानं तो घेतला, अर्धा प्यायला, कप कुठं ठेवायचा ते त्याला कळेना. बायको म्हणाली, "ठेवा तितंच. धुवायची आमच्यात पद्धत न्हाय पाहुन्यानं."

जग सुधारलं असं मी सांगत नाही. माझ्या बोलण्यापेक्षा ते हसण्याचंच जास्त लांब गेलं. हसण्याला पाय जास्त. माझ्या बोलण्याखाली लोकांनी लिहिलं, सगळं नाटक. लिहिलं, यांना डोक्यावर बसवलं की असंच. सुमी वाचत नव्हती, मी वाचायला लावलं. काही जणांनी दुसरंच लिहिलं. श्रीवर्धनकडच्या एका बाईनं तिच्या भावाचं नाव लिहिलं, तो पोफळीवरून पडला होता. बाकी काही नाही, नुसतं नाव. ते मी मोठ्यानं वाचलं.

वाडीवाले एकमेकांचे असतात. दुसऱ्या दोन वाड्यांतून मला बोलावणं येईनासं झालं. घरात चणचण आहे. बायको बोलत नाही, पण सुकट जास्त निवडते. निखिलनं माडांखाली जाळी बांधलीय. सुकलेले नारळ आपोआप पडतात. धप्प आवाज आमच्या आळीपर्यंत येतो. प्रत्येक वेळी मी वळून बघतो.

मुलगा बरेच दिवस बोलला नाही. मग एकदा फोन केला. त्या विषयावर चकार शब्द नाही. ठेवता ठेवता विचारलं, "बाबा, दगडूकाका कुठल्या माडावरनं पडला?" मी सांगितलं.

परवा परत मुरुडला गेलो. येताना तीच गाडी. पायरीवर पाय ठेवला, आणि मागून आलंच.

"बा, येतो रं वर!"

मी दांडी धरून तिथंच थांबलो. वर नाही, खाली नाही. माझ्या मागं माणसं खोळंबली.

"कोन बोल्ला?"

मागच्या बाकावर एका पोरानं मान खाली घातली.

"माझ्या बाला हाक मारलीस ना? मग नाव घेऊन मार. राघो नाव त्याचं."

कंडक्टर म्हणाला, "आजोबा, चला वर, गाडीला उशीर होतोय."

"होऊ दे."

मधल्या बाकावरच्या एकानं हळूच मोबाईल वर केला. मी त्याला म्हणालो, "घे. नीट धर, हालवू नको. नाव आयकू आलं पायजे."

मग मी मोठ्यानं म्हणालो. आजवर माडाखाली कधी एवढ्या मोठ्यानं म्हणालो नव्हतो. "राघो, बा, येतो रं वर. धर मला. दगडूकाका, येतो रं वर. धर मला."

आणि चढलो. कोणी हसलं की नाही ते बघितलं नाही. पुढची जागा रिकामी होती, तिथं बसलो. कमरेचा कोयता काढून मांडीवर घेतला.

हसणारे मिळतील. रोज मिळतील. नाव मी मनातल्या मनात घेणार नाही. आणि माझ्या गावाच्या आधी उतरणार नाही.